मागून आणलेली कलगी

सन १९०७, फाल्गुन महिना, सकाळचे साडेसात. जुन्नरच्या कागद बनवणाऱ्यांच्या कागदी आळीत नवाब गुळगुळीत दगडाने कागद घोटत बसला होता. डोक्याला फेटा होता, पण नुसता. पंधरवड्यापूर्वीपर्यंत त्या फेट्यावर चांदीच्या तारेत गुंफलेली मोरपिसांची कलगी असे आणि आळीत कोणी त्याला नावाने हाक मारत नसे. सगळे ‘शाहीर’ म्हणत. आता ‘कागदी’ म्हणतात.

कलगी घाटघरच्या सामन्यात गेली. तिथे तुरेवाल्यांच्या, म्हणजे कलगीवाल्यांच्या विरोधी, फडाशी सवालजबाब झाले आणि तुरेवाल्या सावळारामचा एक सवाल नवाबला सुटला नाही. हरणाऱ्याने डोक्यावरची खूण उतरवून द्यायची आणि पुढच्या सामन्यात जिंकून परत आणायची, अशी फडांची रीत. परवा तळेघरच्या जत्रेत सावळाराम पुन्हा समोर येणार होता. नवाबने जबाब बांधून ठेवला होता. बायको बिबिजान वारल्यापासून घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून तो कवन भिंतीकडे तोंड करून म्हणे.

एवढ्यात त्याचा झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारा हौशीराम, घाम पुसत आला. उपरण्यातून त्याने कलगी काढली.

“घ्या शाहीर! डोस्कं लई भुंडं दिसत व्हतं तुमचं.”

नवाबचा हात थांबला. “कुठनं आणली?”

“सावळारामाकडनं. म्हनलं, म्हाताऱ्याचा जीव नगा जाळू. गडी हसला आन् दिली काढून. दिलदार मानूस, राव!”

“देताना काय म्हनला?”

“म्हनला, ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशीच. आता त्यांच्याशी काय झगडायचं!”

“मग परवा मी काय जिंकायला उभा ऱ्हाऊ?”

हौशीरामचा चेहरा उतरला. “माघारी देऊन येऊ का?”

“मग म्हनंल, म्हातारा रुसला.”

“न्हाई तर दुसरी घ्या बाजारातनं.”

“बाजारातली बैलाच्या शिंगालाबी बांधत्यात.”

हौशीरामला हसू आलं, पण नवाब हसला नाही. त्याने कलगीला हातही लावला नाही. उठून खुंटीवरचा डफ काढला आणि हौशीरामच्या हातात दिला.

“तू म्हन. गळा हाय तुला.”

“आन् सावळारामानं त्योच सवाल घातला तर? जबाब तरी सांगा.”

“त्यो माझा हाय.”

हौशीरामने डफ काखेत धरला. कलगी त्याने घोटलेल्या कागदांच्या थप्पीवर ठेवली. ठसा उमटेल म्हणून नवाबने ती उचलून जमिनीवर ठेवली.

“येतू, नवाबभाऊ,” हौशीराम म्हणाला आणि डफ घेऊन आळीतून बाहेर पडला.

उद्या उजाडायच्या आत फड चालत तळेघरची वाट धरील. सगळ्यांच्या पुढे, शाहिराच्या जागी, हौशीराम असेल.