चारातला एक झोपला होता

देवावर माझा विश्वास आहे, पण तो चौकशी करून ठेवलेला. अठ्ठावीस वर्षं बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवल्यावर दुसरं काय होणार! आरतीला उभी राहिले तरी कापूर जळून गेल्यावर मागे राख का उरत नाही, हा विचार डोक्यात येतोच. त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीनंतर जे घडलं, त्याला कृपा म्हणायचं की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. घडलं तसं लिहिते.

माझ्या सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी पालघरला न्यावं लागतं. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मूल नाही, म्हणजे घरात आम्ही दोघीच. सकाळी दहाची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला जातं आणि आपली पाळी बुडते. एकदा तशी बुडाली होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बसल्या जागी श्वास घेता येईना, आणि त्यांच्या डोळ्यांतली ती घाबरगुंडी पाहून मी ठरवलं की पुन्हा हे होऊ द्यायचं नाही. शेजारचे काका, नात्यातले दोघेतिघे, "आम्ही नेऊन आणतो" असं मनापासून म्हणायचे. मी सगळ्यांना गोड बोलून वाटेला लावायचे. माझी गाडी, माझ्या सासूबाई, मीच नेणार. याला मी कर्तव्य म्हणत असे. आता कळतं, त्यात बराचसा अहंकार होता.

दसऱ्यानंतर गाडी कुरकुरायला लागली. सिग्नलला थरथरायची, चढावर आचके द्यायची आणि इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून डोळे मिचकावायचा. जवळच्या एका गॅरेजवाल्याने "मॅडम, पेट्रोल में कचरा है" म्हणत फिल्टर बदलला. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मी महालक्ष्मीला रोज सांगायचे, बाई गं, बंद पडायचीच असेल तर बुधवारी पड, गुरुवारी पड, मंगळवार-शुक्रवार तेवढे सोड. अशी अट घालून केलेली प्रार्थना पोचते का, असाही प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

गाडी शुक्रवारीच अडली. उमरोळीच्या अलीकडे तिने तीन मोठे आचके दिले, वेग मेला, आणि मी ती कशीबशी कडेला घेतली. साडेनऊला पाच कमी होते. सासूबाई मागच्या सीटवर, पाय सुजलेले, चेहरा फुगलेला. दोन रिक्षा गच्च भरून निघून गेल्या. मी बॉनेट उघडून नुसतीच आत बघत उभी राहिले. त्या क्षणी मला महालक्ष्मीचा राग आला होता, हे कबूल करते.

तेवढ्यात, गाडी आचके देत असताना आम्हाला मागे टाकून पुढे गेलेली एक मोटारसायकल वळून परत आली. पन्नाशीचा माणूस, शर्टाला ग्रीस, अंगाला मासळीचा वास. म्हणाला, "बाय, आमी हितल्या दांडी गावचे. बोटींची इंजिनं बघतो. गाडी चालू करा जरा." मी केली. तो मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला, कान देऊन ऐकलं आणि उठून म्हणाला, "चारातला एक झोपलाय."

"कोणता, ते कसं ओळखणार?" मी विचारलं. माझ्या आवाजात घाई असायला हवी होती, पण खरं सांगते, उत्सुकता होती.

त्याने इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उचललं. खाली एका ओळीत चार काळ्या कॉइल, चार सिलिंडरना एकेक. बॅटरीची वीज असते जेमतेम बारा व्होल्टची. ती हजारो व्होल्टपर्यंत वाढवून खालच्या स्पार्क प्लगला ठिणगी पाडायला देणारी वस्तू म्हणजे ही कॉइल. पुस्तकातली आकृती मी शेकडो वेळा फळ्यावर काढली होती, स्वतःच्या गाडीत मात्र पहिल्यांदा पाहत होते. त्याने पहिल्या कॉइलची वायर काढली, मला गाडी चालू करायला सांगितली. थरथर आणखी वाढली. "हा जागा हाय." वायर परत लावली. दुसऱ्याचं तसंच झालं. तिसऱ्याची वायर काढली तर आवाजात काडीचा फरक पडला नाही. "ह्यो बघा, आदीच झोपलेला."

"पण दोष प्लगचाही असेल ना?" मी म्हटलं. तो हसला. "मास्तरीण दिसता. थांबा." डिकीतून दहा नंबरचा पाना आणून त्याने दुसरी आणि तिसरी कॉइल सोडवली आणि एकमेकींच्या जागी बसवली. पुन्हा तीच तपासणी. आता तिसरा जागा झाला होता आणि दुसरा झोपला होता. कॉइल जिकडे गेली तिकडे दोष गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी जन्मभर मुलांना शिकवत आले, आणि इथे शाळेची पायरीही फारशी न चढलेला माणूस ते मला हायवेच्या कडेला करून दाखवत होता.

मग त्याने ती खराब कॉइल उपसून माझ्यापुढे धरली. तिच्या रबरी नळीवर तपकिरी, चिकट थर होता. त्यात हळदीचा पिवळा डाग आणि अक्षतेचा एक तांदूळ. त्याने बोट लावून वास घेतला. "बाय, नारळ कुटं फोडला होता?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यजमान दसऱ्याला नारळ चाकापुढे फोडायचे. त्या वर्षी माझ्या मनात आलं, चाकाला कशाला, गाडीचा जीव इंजिनात आहे. म्हणून बॉनेट उघडून नारळाचं सगळं पाणी भक्तिभावाने इंजिनावर ओतलं होतं, वर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. क्षार मिसळलेल्या पाण्यातून वीज वाहते, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीला करून दाखवायचे! झाकणाच्या फटीतून झिरपलेल्या त्या पाण्याने ठिणगीची वीज वाटेतच पळवली होती.

"दुकानातून नवीन आणेपर्यंत उशीर व्हईल," तो म्हणाला. त्याने त्या झोपलेल्या सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरची वायर काढून ठेवली, म्हणजे न जळलेलं पेट्रोल वाया जाऊन नुकसान करणार नाही. "तिघांवर हळूहळू जाईल. पन आवाज ऐकत चालवायला लागंल. चावी द्या. तुमी मागं आयजवळ बसा."

चावी द्या! डायलिसिस सुरू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत मी ती कुणाला चालवायला दिली नव्हती. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. मनात महालक्ष्मीला म्हटलं, आई, आता तूच बघ, आणि चावी त्या अनोळखी, ग्रीस लागलेल्या हातावर ठेवली. त्याने मोटारसायकल एका टपरीपाशी लावली आणि आम्ही निघालो.

मागे बसल्यावर सासूबाईंनी माझा हात घट्ट पकडला. गाडीने आचका दिला की त्या तो आणखी आवळायच्या. चाळीस मिनिटांचा हा रस्ता मी आठवड्यातून दोनदा गाडी चालवत जायचे, पण त्या मागे अशा घाबरून बसतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मला रडू आलं. नारळाची गोष्ट लपवता आली असती, पण मी ती सांगून टाकली आणि हात जोडले. त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. "मला घोटघोट पानी मोजून देतेस, नारळाचं तर तोंडाला लावू देत नाय, आन गाडीला अख्खा पाजलास?" पुढे तो मिस्त्रीही खांदे हलवून हसत होता.

दहाला तीन मिनिटं असताना आम्ही पोचलो. त्यांना मशीन मिळालं.

नवीन कॉइल मी दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारातून आणली आणि स्वतःच बसवली. आधी खोबणीतली घाण पुसली, प्लग बदलून घेतला, मग एक नट, एक वायर, एवढंच काम. चारही एका सुरात चालू झाले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

अशा अनुभवांत मदत करणारा माणूस पुन्हा सापडत नाही, असं मी पुष्कळदा वाचलंय. माझा सापडला. दांडीला पेढे घेऊन गेले तर तो एका बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. पुढे गेला होतात, मग परत का वळलात, असं मी विचारलं. म्हणाला, "आवाज ऐकला. बिघडलेलं इंजिन सोडून आपल्याला जाववत नाय." बस, इतकंच. माझी प्रार्थना देवीने ऐकली की नाही ते मला माहीत नाही, पण माझ्या गाडीचा आवाज त्याने ऐकला, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

एकदा मी सासूबाईंना विचारलं, एवढी भीती वाटायची तर दोन वर्षांत बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "कुनाला सांगू? मला तर तुझी पाठच दिसायची."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी शेजारचे काका चालवतात. ते जरा जास्तच हळू चालवतात, आणि मी काही बोलत नाही. मी मागे बसते.