संकष्टीचं पित्त

"ताई, काल तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय," ईसीजीची पट्टी बघत डॉक्टर म्हणाले. मी उलट त्यांनाच समजवायला लागले, की छातीत काही दुखलंच नाही, संकष्टीचं पित्त होतं ते.

ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. दोन वर्षांपूर्वी आमच्या यांना अटॅक आला तेव्हा हे सगळं शिकून झालं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर यांनी छाती धरली, घामाघूम झाले, आणि सोबत्यांनी लगेच गाडीत घालून नाशिकला नेलं. अटॅक म्हणजे असाच, हे डोक्यात पक्कं बसलं.

माझा मात्र संकष्टीच्या दिवशी सकाळपासून जबडा ठणकत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं. शेजारणी म्हणाल्या, उपाशीपोटी पित्त खवळलंय. मलाही पटलं. चंद्रोदयानंतर दोन घास खाल्ले की उतरेल, म्हणून मोदक वळत बसले. ते दोन घासही पोटात राहिले नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा डबा भरूनच दवाखान्यात गेले. शहाणी कुठली!

अँजिओग्राफी झाली, म्हणजे नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. एक वाहिनी बंद होती. यांचं हृदय वेळेवर सावरलं, माझ्या हृदयाचा एक भाग मात्र कायमचा दुबळा झाला. फार राग आला मला.

एकच अवयव, मग दुखणं वेगळं का? राउंडला आले की मी डॉक्टरांना हेच विचारायची. ते म्हणाले, "बायकांना पुष्कळदा असंच होतं. त्यात तुम्ही उशिरा येता. पण का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. आजवर अभ्यास झाला तो जास्त पुरुषांचाच." त्यांचं हे कबूल करणं मला आवडलं. मग मी वॉर्डातल्या बायकांनाच विचारत सुटले. एकीचा खांदा दुखला होता, एकीला नुसता थकवा. मैत्रिणींनो, म्हणून हे लिहितेय.

पुढच्या उन्हाळ्यात सटाण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, माझी जाऊ सकाळपासून ओकतेय, पाठ दुखतेय, धाप लागतेय. मागून तिचा आवाज आला, "पित्त शे, दुसरं काय!" कांदा काढायला माणसं आली होती, संध्याकाळी बघू म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, हे तिला नाही, तुम्हाला होतंय असं समजा, आणि आत्ता गाडी काढा."

मग ते तिला म्हणाले, "चप्पल घाल."