साडूच्या वाघिणी

आता तुम्हीच सांगा, साडूचं भलं झालेलं कुणाला बघवतं? मला तर अजिबात नाही! आणि त्या जळण्यापायी मी जी माती खाल्ली ना, ती ऐका. चहा गार झाला तरी चालेल.

आमचे सासरे, म्हणजे मामा, मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी दौंड-मनमाड लाईनवर, आता पारनेरला असतात. त्यांना खूश करायला आम्हा दोन्ही जावयांना छोट्या मॉडेल रेल्वेचा नाद लागला. मी नगरचा, साडू विलासराव श्रीरामपूरचे. दोघांनी पुण्यातल्या एकाच दुकानातून एकसारख्या वाघिणी आणल्या. वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे हो, घाबरू नका!

पण मामा कौतुक कुणाचं करणार? "विलासरावांचं इंजिन बघा! विलासरावांचा पूल बघा!" अहो, पूल माझाही होता! बघतो कोण?

एकदा स्टेशनवर खरी मालगाडी बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. खरे डबे कसे रुळावर दबून बसलेले! आमचे मात्र स्टुलावर चढवल्यासारखे उंच. विलासरावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सापडले की साहेब!

मामांच्या पंच्याहत्तरीला दोन्ही गाड्या पळवायचं ठरलं होतं. साडूंच्या घरी रंगकाम, म्हणून त्यांचा डब्यांचा खोका आमच्याच माळ्यावर, माझ्या खोक्याशेजारी. मी बायकोला म्हणालो, "खोका काढ गं माझा." तिनं दिला. मी दार लावून बसलो.

डब्याच्या पोटाखाली चाकं जिथं स्क्रूनं बसतात, तिथला उंचवटा कानशीनं घासायचा. केसभर जास्त घासला, तर चाकं पोटाला लागतात. कंबर मोडली, बोटं सोलली, पण डबे असे झकास खाली बसले!

"अहो, चाललंय काय एवढं?" बायको दाराबाहेरून.

"कळेल! तुझ्या दाजींना चांगलं कळेल!"

पारनेरला मी सगळ्या पाहुण्यांसमोर छाती काढून म्हणालो, "मामा, आज नुसती डब्यांची उंची बघा. ज्याचे डबे खाली, तो खरा रेल्वेवाला!"

मी बोलत होतो तोवर पोरांनी खोक्यांच्या तळाची नावं वाचून ज्याचे डबे त्याच्या इंजिनाला जोडले. आधी साडूंची गाडी सुटली. रुळाला अगदी चिकटून! मामा उठून उभेच राहिले. "आरं तिच्या! हीच की माझी मालगाडी! लई झ्याक, विलासराव!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी!

मागून माझी आली. उंटांची वरात!

"राजाभाऊ," मामा म्हणाले, "तुमची अशी टाचा वर करून का चालतीया?"

मी बायकोकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "हाताला आला तो खोका दिला. दोन्ही सारखेच की!"

विलासराव स्वतःच्याच गाडीकडं भूत बघितल्यासारखं बघत होते. पण माणूस पक्का! "थोडी मेहनत घेतली, मामा." मेहनत! मी सोललेली बोटं खिशात लपवली. बोलणार तरी काय? तुमच्यावर कडी करायला तुमचेच डबे घासले म्हणून?

"जळू नका, राजाभाऊ," मामा म्हणाले. "विलासरावांकडनं शिकून घ्या."

जेवणं झाल्यावर विलासरावांनी मला अंगणात गाठलं. "खोका तुमच्याकडं होता. खरं सांगा, हे केलं कसं? मामांनी विचारलं तर मी काय सांगू?"

तेव्हापासून दर रविवारी मी श्रीरामपूरला जातो. आतल्या खोलीत मी त्यांना कानस धरायला शिकवतो. आणि बाहेर ताई, म्हणजे साडूंची बायको, शेजारणीला सांगत असते, "आमचे हे शिकवतायत हो त्यांना. पण अजून जमत नाही बिचाऱ्यांना!"