थांबलेल्या हातांचा निकाल

छापील कवितेला चाल का लावावी, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात, कापूसवेचणीच्या वेळी मिळाले.

एक अनोळखी गृहस्थ खंजिरी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले. पूर्वी ते कविता छापवीत. आता स्वतः रचून गातात. त्याच संध्याकाळी बाजारात नवे गाणे म्हणायचे होते, म्हणून ते आधी वेचणाऱ्या बायांना ऐकवायला आले होते. गाताना त्यांची नजर केवळ बायांच्या हातांवर होती.

तिसऱ्या कडव्याला सगळे हात थांबले.

"काहून थांबल्या वं?" त्यांनी विचारले.

"समजून घ्याले थांबलो, भाऊ," एक बाई म्हणाली. "असं गानं म्हनसान तं कापूस कोन वेचन?"

बाया खदखदून हसल्या. तेही हसले. "लय लाडाचं कडवं होतं माह्यं," म्हणत त्यांनी ते तिथेच गाळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुस्तक वाचून लोकं वा वा म्हनत अन् इसरून जात, दादा. चालीत बसलेलं हात इसरत नाही."

ते गेल्यावर दुपारभर उरलेले गाणे कपाशीच्या ओळींतून फिरत होते, आणि वेचणी कुठेही अडली नाही.

वाचकांनी आपली आवडती कविता भाकरी थापताना म्हणून पाहावी आणि हात थांबतात का, हे स्वतःच तपासावे.