पडदेबाई आणि टोकापर्यंतचा रस्ता

आमच्या जुन्या बाजारात तिला सगळे पडदेबाई म्हणत. दुकानावर पाटी होती, पण पाटी वाचून कुणी आत गेलेलं मला आठवत नाही. लोक तिच्या आवाजाच्या रोखाने यायचे. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी शिवता शिवता ती रस्त्यापलीकडच्या माणसाशी गप्पा मारायची, आणि मधून ट्रक गेला तरी तिचा एक शब्द खाली पडायचा नाही. नवरा तितकाच अबोल. तो फोम कापायचा आणि मान हलवायचा. मी त्यांच्या शेजारचा चष्मेवाला. आमच्या दुकानांमध्ये एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे हे बरंचसं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

गावाबाहेर मोठी दुकानं निघाली आणि आमचा बाजार ओसरत गेला. आधी कापडवाला गेला, मग भांडीवाला. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं थिएटर बंद पडलं. वरच्या मजल्यांवरच्या खोल्या तर कबुतरांच्या नावावर झाल्यासारख्याच होत्या. संध्याकाळी दिवे लागले की आम्ही दुकानदार एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

अशात बातमी आली की जुने बाजार पुन्हा उभे करायला सरकार निधी देणार आहे. अट अशी, की आराखडा तिथल्या लोकांनीच ठरवायचा. नगरपालिकेने सभागृहात बैठक बोलावली. आराखड्याच्या समितीचा अध्यक्ष कोण होणार, असं नगरपालिकेच्या साहेबांनी विचारल्यावर भरलेलं सभागृह आपापल्या चपला निरखायला लागलं. अध्यक्ष होणाऱ्याला उद्या सगळा बाजार शिव्या घालणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो साहेब, इथे काही ऐकू येत नाही! माइक तरी नीट धरा!"

साहेब हसले. "तुमचं मात्र आम्हाला माइकशिवाय ऐकू आलं. तुम्हीच या पुढे."

हशा पिकला, आणि त्या हशातच पडदेबाई अध्यक्ष झाली. मला यातलं काय कळतं वगैरे तिने म्हटलं नाही. म्हणाली, "चालेल. पण बैठका इथे नकोत. इथे बोलायला उभं राहिलं की माणूस भाषण करतो. माझ्या दुकानात या."

तिच्या दुकानात कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. त्यावर तिने अस्तराचं पांढरं कापड पसरलं. नगरपालिकेने दिलेली आर्किटेक्ट मुलगी कामात तरबेज आणि स्वभावाने मोकळी. तिने त्या कापडावर खडूने सगळा रस्ता काढला, चौकापासून थिएटरपर्यंत. पडदेबाईने चिंध्यांची टोपली मध्ये ठेवली. हिरवी चिंधी म्हणजे झाड, तपकिरी म्हणजे बाक. ज्याला जे हवं, त्याने ते टाचणीने लावायचं. सभागृहात तोंड न उघडणारी माणसं टेबलाभोवती उभी राहून भांडायला लागली. भाजीवाली मावशी बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, "झाडं लावा, चांगलंच आहे. पण मी दिवसभर इथे बसते आणि बायकांना जायला कुठे सोय नाही. तहान लागली तरी पाणी पीत नाही मी."

मग पडदेबाईने स्वतःच्या हाताने एक लाल चिंधी उचलली आणि चौकाच्या कोपऱ्यात लावली. "हे पहिलं. बाकीचं याच्यानंतर."

हळूहळू आराखडा आकाराला आला. चौक ते थिएटर सगळा रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, गाड्या बाहेर. बहुतेक सगळे खूश होते. आणि मग एका दुपारी मोठ्या जाऊबाई दुकानात आल्या.

या पडदेबाईच्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं चपलांचं दुकान थिएटरशेजारी. वाटणी झाली तेव्हा सासऱ्यांनी चौकाजवळची जागा धाकट्याला दिली आणि टोकाची थोरल्याला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. लग्नकार्यातसुद्धा एक जण आला की दुसरा निघायचा. त्या आत येताच भिंतीपलीकडून येणारा कात्रीचा आवाज थांबला. मीही हातातली काच खाली ठेवली, लपवत नाही.

"अगं, झाडं लावलीस, बाकं टाकलीस," जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे गिऱ्हाईक काय उडत येणार आहे?"

"चालत येतील की, जाऊबाई."

"तुझ्या दारापर्यंत येतील. पुढे कोण येतंय? वाटणीत चौक तुलाच मिळाला. आता रस्ताही तूच घे."

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, नाहीतर तोंड सोडलं असतं. पडदेबाई म्हणाली, "मग करूनच बघू. एक रविवार रस्ता गाड्यांना बंद ठेवू. तुम्ही म्हणता तसं झालं, तर मी सगळ्यांसमोर मान्य करेन." तिला खात्री होती, आपणच जिंकणार. मलाही होती.

त्या रविवारी शाळेतून बाकं आणली, घराघरातून कुंड्या आणल्या. चौकात ही गर्दी! पोरं रस्त्यावर खडूने चित्रं काढत होती, म्हातारे पाय पसरून बसले होते. माझ्याकडे तर चष्मा नको असलेली माणसंसुद्धा फ्रेमा लावून आरशात बघत होती. पडदेबाई राणीसारखी फिरत होती. दुपारनंतर ती थिएटरकडे निघाली आणि मलाही बरोबर घेतलं, "चला, साक्षीदार हवा."

निम्म्या वाटेवरच्या बँकेपाशी गर्दी विरळ झाली. पुढे आवाजही संपला. एक आजोबा काठी टेकत उभे होते. इथून रिक्षा कुठे मिळेल, असं त्यांनी विचारलं. रिक्षा त्या दिवशी आम्हीच बंद केल्या होत्या. जाऊबाई दुकानात एकट्याच, पुसलेले बूट पुन्हा पुसत बसल्या होत्या.

"किती आले?" पडदेबाईने विचारलं.

"तू पहिली. आणि तूही काही घ्यायला आलेली नाहीस."

पडदेबाई चपला घालून बघायच्या स्टुलावर बसली. "आलेय की. दाखवा."

जाऊबाईंनी निमूटपणे दोन-तीन खोके काढले. पडदेबाई एक एक जोड पायात घालत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "वाटणी मामंजींनी केली होती. मी नाही."

"ठाऊक आहे मला. पण वाईट झालं, एवढं तरी तू कधी म्हणालीस?"

मी दारात उभा राहून उगाच पाटी वाचत होतो.

"वाईट झालं, जाऊबाई," पडदेबाई म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग तिने एक जोड निवडला आणि तो पायात घालूनच निघाली.

पुढच्या बैठकीत आवाज पुन्हा जागेवर आला. "ऐका सगळे! मी आराखडा केला तो चौकापुरता. जाऊबाई बरोबर होत्या." तिने टाचण्या काढायला सुरुवात केली. जाऊबाईंना टेबलाशी बोलावलं आणि दोघींनी आर्किटेक्टला मध्ये घेऊन रस्ता नव्याने मांडला. बसथांबा चौकातून थिएटरच्या बाजूला हलवायचा. त्या टोकाने गाड्या हळू वेगाने निम्म्या रस्त्यापर्यंत येऊ द्यायच्या, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि सामान असलेल्यांना दारात उतरता येईल. दोन्ही टोकांना स्वच्छतागृहं. आणि वरच्या रिकाम्या खोल्या दुरुस्त करून भाड्याने द्यायच्या, म्हणजे बाजारात राहती माणसं येतील.

साहेबांना चौकात भव्य कमान हवी होती. उद्घाटनाच्या फोटोत छान दिसेल म्हणाले.

"साहेब," पडदेबाई म्हणाली, "फोटो बाकावर बसून काढू. तुम्हाला मधली जागा देऊ." कमान गेली. साहेब मात्र हसतच गेले.

काम रखडत रखडत झालं. रस्ता उखडला, धुळीने गिऱ्हाईक आणखी कमी झालं, आणि लोकांनी तिला ठरल्याप्रमाणे शिव्या घातल्या. वह्या-पेनवाल्याला तो काळ निभावता आला नाही, त्याने दुकान बंद केलं. ते तिला लागलं. तिने कोपऱ्यावरच्या खोल्यांचं काम आधी उरकायला लावलं आणि खालची लहानशी जागा त्यालाच मिळवून दिली. दुकान पूर्वीपेक्षा अरुंद आहे, पण चालतं.

आज वरच्या खोल्यांमध्ये दवाखान्यातल्या नर्स राहतात, एक शिकवणी चालते. बस जाऊबाईंच्या दारासमोर थांबते. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नसते, तेव्हा पडदेबाईचा नवरा फोम सोडून वहिनींना खोके काढून द्यायला जातो. भाजीवाली मावशी बिनधास्त पाणी पिते. थिएटर उघडलं नाही ते नाहीच, आणि चौकातला नळ अजून गळतो.

मुदत संपल्यावर नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली. पडदेबाईने जाऊबाईंचं नाव सुचवलं आणि कुणी नाही म्हणायच्या आत टाळ्या वाजवून टाकल्या. पहिल्याच बैठकीत गळक्या नळावरून ती बोलत सुटली. जाऊबाईंनी टेबलावर हात आपटला.

"अगं, खाली बस. भाजीवाली मावशी बोलतेय."

पडदेबाई बसली. आमच्या बाजारात तिला गप्प करणारं माणूस पहिल्यांदाच निघालं होतं, आणि ती खुर्चीत मागे रेलून चांगली ऐटीत हसत होती.