जपानी कॅसेट आणि केबिनवाले पितांबरभाऊ

पितांबरभाऊ मूळचे सोनगीरचे. रेल्वेत लागले, भुसावळला आले आणि एकतीस वर्षं यार्डातल्या एका केबिनमध्ये दांडे ओढून निवृत्त झाले. भुसावळात घर बांधलं, पण बोलणं सोनगीरचंच ठेवलं. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. आमची ओळख हजेरीच्या कागदावरची, कारण एवढ्या वर्षांत त्यांच्या नावापुढे लाल शाईने काही लिहायची वेळ माझ्यावर आली नाही. त्यांनी फार मोठं काही केल्याचं मला माहीत नाही. जपानी भाषेतला मारामारीचा व्हिडिओ गेम खेळून त्यांनी असलमचं दुकान वाचवलं, एवढंच. ते मी शेजारी बसून पाहिलं, म्हणून लिहितो. नीट जमेलच असं नाही.

केबिन म्हणजे रुळांच्या कडेची उंच खोली. तिच्यात लोखंडी दांडे रांगेने उभे असतात. दांडा ओढला की दूरचा सिग्नल पडतो किंवा रुळाचा सांधा सरकतो. या कामाची एक रीत आहे. आधी दांड्याचा नंबर मोठ्याने म्हणायचा, मग ओढायचा, मग खिडकीतून सिग्नलचा हात खाली आलेला डोळ्यांनी पाहायचा, "पडला" म्हणायचं, आणि त्यानंतरच पुढच्या दांड्याला हात लावायचा. जो दांडा ओढायचा नाही त्याच्यात लोखंडी कडं अडकवून ठेवायचं. त्याला कॉलर म्हणतात.

ही रीत पितांबरभाऊंच्या अंगात इतकी मुरली होती की घरचा गॅस बंद करतानाही ते "गॅस" म्हणायचे, बटण फिरवायचे, वाकून बर्नर पाहायचे आणि "बंद" म्हणायचे. तोवर दुसरं काही नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई एकदा मला म्हणाल्या, "नाना, मना संसार म्हंजे मालगाडी शे. परवानगी भेटस तवय चालस."

आता असलमचं सांगतो. आमच्या आळीच्या तोंडाशी नूर महंमदचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा पान्याशिवाय, नुसत्या अंगठ्यांनी टायर रिमवर चढवायचे. त्यांचा मुलगा असलम सव्वीस वर्षांचा. त्याला पंक्चर काढायचा मनस्वी कंटाळा. पंच्याण्णव साली त्याने वडिलांच्या मागे लागून अर्ध्या दुकानाला पडदा लावला, आत टीव्ही ठेवला, त्याला खेळाचा डबा जोडला आणि व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. पण स्टेशनकडे तसलं एक दुकान आधीच होतं, गाड्यांच्या शर्यतीचे नि विमानाचे सगळे गेम तिकडे होते. म्हणून असलमने मुंबईहून एक वेगळीच कॅसेट आणली. जपानी कार्टूनवरची मारामारी. वेष्टनावर उभ्या केसांचे दोन पैलवान, एकाच्या तळहातातून वीज निघते आहे. चित्र पाहून पोरांची रांग लागली.

कॅसेट घातली, आणि पडद्यावर जपानी अक्षरंच अक्षरं. आधी अक्षरांचा मोठा तक्ता येई. तो कसाबसा संपवला की काहीतरी प्रश्न विचारी. प्रश्नाचं उत्तर दिलं की पुन्हा तक्ता. आठवडाभर कोणाला पैलवानांचं तोंड दिसलं नाही. पोरं वैतागून स्टेशनकडे परत गेली.

सोमवारी नूर महंमदचाचांनी पडदा बाजूला केला आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "असलम, जुम्म्याला नमाजहून येतो तेव्हा मला हा खेळ चाललेला दिसला पाहिजे. आणि बघण्यासारखा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर डबा परत पाठव आणि शनिवारपासून पाना हातात घे."

"अब्बा, जपानी आहे ना ते!"

"तर मग जपानला दुकान टाकायचं होतं."

पितांबरभाऊ तेव्हा सायकलमध्ये हवा भरायला आले होते. ते रोज यायचे, हवा असो वा नसो. निवृत्त झाल्यापासून त्यांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोचायला काहीतरी लागायचं. चाचा गेल्यावर असलम पुन्हा रिमोट घेऊन बसला आणि भराभर बटणं दाबू लागला. दोन मिनिटांत तक्ता परत आला. मागे उभे राहिलेल्या भाऊंना ते बघवेना.

"असलम, तू न दखता वढस," ते म्हणाले. "पहिले दखानं, मंग वढानं."

"भाऊ, वाचता कुठे येतं?"

"वाचाले कोन सांगस? माले बी वाचता येत नही. पन वळखता ते येस ना."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. माझं अक्षर बरं, म्हणून मला सोबत घेतलं. नवी वही, पट्टी, लाल आणि निळं पेन. मला वाटलं तासाभराचं काम. तीन दिवस लागले.

पद्धत अशी. भाऊ एक बटण एकदाच दाबायचे. पडद्यावर जे बदलेल ते मी वहीत लिहायचं. मग टीव्हीपासून सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू. अक्षरांना आम्ही आमची नावं दिली. प्रश्नाखाली दोन उत्तरं येत. एकात नुसत्या दोन उभ्या काठ्या आणि त्यांच्या आधी खुर्चीसारखं काहीतरी. दुसऱ्यात दोन काठ्या, पुन्हा दोन काठ्या आणि शेवटी गुडघा मोडून बसलेला माणूस. बसलेल्या माणसाचं उत्तर दिलं की गाडी मागे जाते, खुर्चीचं दिलं की पुढे, हे आम्हाला मंगळवारी संध्याकाळी कळलं. पोरं आठवडाभर बसलेल्या माणसालाच निवडत होती, कारण बाण आधी त्याच्यावरच उभा असे. भाऊंनी माझ्याकडून लाल पेनने लिहून घेतलं : "बसलेला माणूस. धोका."

बुधवारी पाच ओळींची यादी लागली. तिसरी ओळ निवडली की तोवर केलेलं सगळं पुसलं जाई. ते दोनदा झालं. दुसऱ्या वेळी असलमने कपाळावर हात मारला, पण भाऊ प्रसन्न होते. "आते नक्की समजनं," म्हणाले. डब्यावर एक बटण होतं, ते चुकून दाबलं गेलं तरी सगळं पहिल्यापासून. भाऊंनी सायकलच्या जुन्या ट्यूबची जाड चकती कापून त्या बटणाभोवती चिकटवली, म्हणजे बोट आत जाणार नाही. असलमने विचारलं हे काय, तर म्हणाले, "कॉलर."

गुरुवारी दुपारी पैलवान दिसले! असलम ओरडला. बाहेर पंक्चरचं पाणी बघत बसलेले चाचा आत डोकावलेसुद्धा नाहीत. भाऊंनी निळ्या कपड्याचा पैलवान घेतला आणि मशीनशी लढायला बसले.

ते सात मिनिटांत अकरा वेळा हरले.

कारण सरळ होतं. भाऊ म्हणायचे, "बुक्की." मग बटण दाबायचे. मग बुक्की बसली का ते पाहायचे. मग म्हणायचे, "बसली." तोवर समोरच्याने सहा लाथा घातलेल्या असायच्या.

"भाऊ, बोलू नका, नुसतं मारा!" असलम गयावया करू लागला.

"न बोलता मारं आनि दोन गाड्या एका लाइनवर उन्यात, मंग?"

"भाऊ, गाड्या नाहीत, पैलवान आहेत."

"गाडी लेट व्हई ते चाली. चुकीनी लाइनवर जावाले नको."

हरल्यावरही ते मला लिहायला सांगायचे. समोरचा कशाने पडला, आपण कशाने पडलो. मी सगळं टिपत गेलो. एक गोष्ट त्यांनीच हेरली, मला तर दिसलीही नव्हती. पैलवानाच्या नावाखाली एक निळी पट्टी होती. फार मारामारी केली की ती संपायची आणि पैलवान छातीवर हात ठेवून उभ्या उभ्या धापा टाकायचा. सातपर्यंत आकडे मोजून होईतो तो काही करू शकत नसे. हे मी वहीत एकोणिसाव्या पानावर लिहिलं.

शुक्रवारी नूर महंमदचाचा नमाजहून आले, टोपी तशीच ठेवून पडद्याआड येऊन बसले. असलमचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा झाला होता. भाऊ स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते. मी वही उघडली.

"एक," मी वाचलं. "तक्त्यावर काही न करता डावीकडचं बटण."

"डावं," भाऊंनी म्हटलं, दाबलं, पाहिलं. "उनं." म्हणजे आलं.

"दोन. बसलेला माणूस सोडून खुर्ची."

"खुर्ची. उनी."

असं चाललं. चाचा एकदा माझ्याकडे, एकदा भाऊंकडे बघत होते. शेवटी न राहवून भाऊंना म्हणाले, "अरे मास्तर, खेळ आहे का निकाह लावताय?"

पैलवान उभे राहिले. चाचांच्या हातात असलमने दुसरा रिमोट दिला. "करायचं काय?" चाचांनी विचारलं. भाऊ घसा साफ करून सांगू लागले, "पहिला नियम असा शे का..."

तोवर चाचांनी दोन्ही अंगठ्यांनी सगळी बटणं एकदम दाबायला सुरुवात केली होती. टायर चढवणारे अंगठे ते. लाल कपड्याचा पैलवान भिंगरीसारखा फिरला, हातातून वीज निघाली, आणि भाऊंचा निळा पैलवान आडवा झाला. टीव्हीतली जपानी बाई काहीतरी आनंदाने ओरडली.

"झालं?" चाचा म्हणाले.

"झालं, अब्बा."

"मी जिंकलो?"

"जी."

चाचांनी रिमोट खाली ठेवला. "मला ना भाषा येते, ना खेळ येतो. अंधारात हात फिरवला आणि जिंकलो. याच्यात बघण्यासारखं काय आहे? डबा बांध, असलम."

असलम उठला आणि खरंच टीव्हीच्या मागे वायर काढायला गेला. मला त्याच्याकडे बघवेना, मी वहीत बघत बसलो.

"थांब," पितांबरभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत प्रथमच चढलेला ऐकला. "हाई जिंकनं नही शे. हाऊ अपघात शे."

"अपघात?"

"अपघातनी चौकशी व्हस. चौकशी झाल्याबिगर लाइन बंद करता येत नही. बस खाले, नूर महंमद."

चाचा हसले. पण बसले. "करा चौकशी, मास्तर."

दुसऱ्या लढाईतही चाचाच जिंकले. भाऊंनी तीन बुक्क्या म्हणून दाखवल्या, त्यातली एक बसली. चाचांनी आता मान डोलवत बटणं दाबायला सुरुवात केली होती. "मास्तर, तुमची चौकशी आडवी पडली!" पडद्याबाहेर दोन-चार लोक गोळा झाले. कोणीतरी हसलं. भाऊंचे कान लाल झाले. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नाना, एकोनीस."

मी एकोणिसावं पान काढलं आणि त्यांच्या पुढे धरलं.

तिसरी लढाई सुरू झाली तशी भाऊंनी एकही बुक्की मारली नाही. नुसतं मागे सरकायचं बटण दाबून धरलं. निळा पैलवान दोन्ही हात तोंडापुढे घेऊन कोपऱ्यात उभा. चाचा लाथा घालत होते, वीज सोडत होते. "मास्तर, भिंतीला का चिकटलात? पोस्टर आहात का?" बाहेरचे लोक खो खो हसले. असलम न काढलेली वायर हातात धरून उभा होता. भाऊ पडद्यावरचा पैलवान पाहतच नव्हते. ते निळ्या पट्टीकडे पाहत होते, जसे केबिनच्या खिडकीतून एकतीस वर्षं सिग्नलच्या हाताकडे पाहत आले होते. वाट बघण्यात त्या माणसाला कोणी हरवू शकलं नसतं.

पट्टी संपली. चाचांचा पैलवान छातीवर हात ठेवून धापा टाकू लागला.

"अरे! हा का थांबला? असलम, रिमोट बिघडला!"

"बुक्की," भाऊ म्हणाले. "बसली. लाथ. बसली. बुक्की. बसली." एकेक करत, घाई न करता, नंबरवार. सातव्या आकड्याला लाल पैलवान आडवा.

बाहेर टाळ्या पडल्या. चाचा पडद्याकडे बघत राहिले. मग भाऊंकडे.

"काय केलंत?"

"दमाडी दिन्हा."

"माझ्या माणसाला दम का लागला? मी कुठे दमलो?"

"नियम शे."

"कुठे आहे नियम? दाखवा." चाचांनी माझ्या हातातल्या वहीकडे हात केला. भाऊंनी ती आधी ओढून घेतली आणि मांडीखाली ठेवली. एवढ्या सरळ माणसाला मी तेवढी एकच लबाडी करताना पाहिलं.

"पुन्हा," चाचा म्हणाले.

पुन्हा झाली. मग आणखी एकदा. पट्टीचं गुपित चाचांना चौथ्या खेपेला कळलं. त्यानंतर दोघंही कोपऱ्यात हात तोंडापुढे घेऊन उभे राहिले आणि बराच वेळ कोणीच कोणाला मारेना. बाहेरचे लोक ओरडून सल्ले देत होते. स्टेशनकडे गेलेली पोरं पडद्याखालून माना घालत होती. चाचांच्या पत्नी हसीनाबींनी घरून दोनदा निरोप पाठवला की जेवण गार झालं. दुसऱ्या निरोपाला चाचांनी "चौकशी चालू आहे" असं उत्तर पाठवलं.

असलमने वायर केव्हा सोडली ते मला दिसलं नाही. पण चाचांनी डबा बांधायचं नाव पुन्हा काढलं नाही. साडेचारला ते कंबर धरून उठले. पडदा बाजूला करून जाता जाता थांबले.

"असलम, हा टीव्ही इतका खाली का ठेवलास? माझी मान मोडली. उद्या एक टेबल आण."

"जी, अब्बा," असलम म्हणाला. मग त्याने नाक शिंकरल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी टेबल आलं. चाचा बुटके, भाऊ ताडमाड उंच. चाचांना दिसेल एवढं ठेवलं की भाऊंची मान खाली वाके, भाऊंच्या बेताने केलं की चाचा टाचा उंच करत. शेवटी असलमने टेबलाच्या पायांखाली विटा ठेवल्या, तीन-तीन. जो आधी पोचेल तो आपल्या उंचीप्रमाणे त्यातली एकेक वीट काढायचा किंवा घालायचा. नंतर पुष्कळ वर्षं मी दुपारी त्या बाजूने गेलो की आधी विटा मोजायचो. दोन असल्या तर आज चाचा आधी आले, हे मला न विचारता समजायचं.