गॅरेजमधला रस्सा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी ग्रुपचं डिसेंबरचं गेट-टुगेदर ठरलं की कुणी काय आणायचं त्याचा मेसेज येतो. कुणाला पुरणपोळी, कुणाला मसालेभात, आणि मला कोल्ड्रिंक्स आणि बर्फ. सलग तीन वर्षं! डिसेंबरातल्या मिशिगनमध्ये बर्फ! बाहेर ढीग लागलेत, ते काय कमी पडतात? पहिल्या वर्षी वाटलं, नवीन आहे म्हणून सोपं काम दिलं असेल. दुसऱ्या वर्षी आमच्यानंतर आलेल्या मुलीला कोशिंबीर मिळाली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "जाऊ दे ना यार, स्वयंपाक वाचला." पहिल्याच भेटीत आडनाव विचारून झाल्यावर सगळे कसे गोड हसले होते, ते त्यालाही आठवत होतं. पण भांडण नको म्हणून मूग गिळून बसायची त्याची जुनी सवय.

गेल्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या खेपेला, मुलांनी कार्यक्रमात बोलायचा विषय होता, हिवाळ्यातले सण आले कुठून. आमची लेक पाचवीत. तिने शोधून शोधून मश्रूम शोधलं. म्हणे, उत्तरेकडे सायबेरियात रेनडियर पाळणारी माणसं आहेत. तिथे झाडांखाली लाल टोपीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं मश्रूम उगवतं. बर्फाने दार बुजलं की तिथला भगत ही वाळवलेली मश्रूमं पोत्यात घालून धुराड्याच्या भोकातून घरात उतरायचा. मश्रूमं वाळत घालायची पाइनच्या फांद्यांवर, नाहीतर शेकोटीपाशी मोज्यांत. रेनडियरही ती खाऊन झिंगायचे. म्हणून सांता लाल, म्हणून चिमणीतून येतो, म्हणून मोजे आणि म्हणून उडते रेनडियर. काही अभ्यासक म्हणतात, ह्या सगळ्या थापा आहेत. असतील बापड्या! मला ती गोष्ट जाम आवडली.

कारण मश्रूम म्हणजे माझं लहानपण. भंडाऱ्याकडे आमच्या गावाबाहेर वारुळांपाशी पावसाळ्यात सात्या उगवायच्या, पांढऱ्याशुभ्र. आई ओटीत भरून आणायची आणि सुकं खोबरं, खसखस भाजून असा रस्सा करायची की आम्ही ताट चाटून पुसून ठेवायचो. शाळेत डबा उघडला की वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या, "ईऽऽ, कुत्र्याची छत्री खाते!" मग मी डबा मांडीवर झाकून खायचे. त्याचा राग अजून आहे मला, का नसावा?

लेकीने विचारलं, "आई, डू वी हॅव अ मश्रूम स्टोरी?" म्हटलं, आहे तर! तथागतांचं शेवटचं जेवण एका लोहाराच्या घरी झालं. त्याने वाढलेला पदार्थ म्हणजे डुकराचं मांस होतं असं काही जण म्हणतात, काही म्हणतात मश्रूम. जेवल्यावर ते आजारी पडले. तरी त्यांनी बजावून सांगितलं, त्या लोहाराला कुणी बोल लावायचा नाही, त्याच्या अन्नाचं पुण्य मोठं आहे. लेक म्हणाली, भाषणाच्या शेवटी हीच गोष्ट सांगणार, आणि तू रस्सा कर, सगळ्यांना टेस्ट करू दे.

केला. दुकानातल्या मश्रूमांना सात्यांची सर नाही, पण मसाला आईचा होता. ज्यांच्या घरी कार्यक्रम होता त्या काकूंच्या हातात पातेलं दिलं.

"अगं, कशाला त्रास घेतलास? तुला तर बर्फ सांगितला होता ना?"

"बर्फ बाहेर आहे, काकू."

त्या हसल्या आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

जेवणाआधी मुलांची भाषणं झाली. आमचीने सांताची गोष्ट झकास सांगितली, मोठी माणसंसुद्धा खिदळली. मग लोहाराची सांगितली. शेवटी टेबलाकडे हात करून म्हणाली, "अँड माय मॉम मेड इट. प्लीज ट्राय, इट्स राइट देअर."

पुढच्याच खुर्चीत काका होते, काकूंचे यजमान. ते मोठ्याने म्हणाले, "अगं पण तेच खाऊन गेले ना तुमचे बुद्ध? आपल्यात नाही बुवा कुणी खात कुत्र्याच्या छत्र्या."

हशा पिकला. लेक मात्र टेबलाकडेच बघत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भांडी शोधली तिने. मसालेभात होता, उंधियो होता, एगलेस केक होता. रस्सा नव्हता. हात तसाच वर, आणि चेहरा असा की सगळ्यांसमोर खोटी पडली पोर! एका मुलाने विचारलंही, "सो व्हेअर इज इट?"

माझं डोकं फिरलं. उठून काकूंना विचारलं, "पातेलं कुठंय?"

"गॅरेजमध्ये ठेवलंय गं. मार्गशीर्ष चालू आहे ना, कुणाकुणाला चालत नाही. गैरसमज नको करून घेऊस."

"मश्रूम भाजी आहे, काकू."

"हो गं, पण..." म्हणत त्या प्लेटा मांडायला लागल्या.

गॅरेजमध्ये बूट, बर्फावर टाकायच्या मिठाची पोती आणि फावड्यांमध्ये माझं पातेलं जमिनीवर ठेवलेलं होतं. जमिनीवर! रस्सा गारठून तेल थिजलं होतं. क्षणभर वाटलं, तसंच गाडीत ठेवावं, पोरीला घ्यावं आणि निघावं. पण तिचा हात अजून वर असेल, हे डोळ्यांसमोर होतं. तिनेही डबा मांडीवर झाकून खायला शिकायचं? मरू दे!

पातेलं उचललं. स्वयंपाकघरात कुणाला न विचारता गॅस पेटवला, खळखळून उकळी आणली. घरभर खसखशीचा वास सुटला. मग बैठकीच्या मधून चालत गेले, मसालेभात बाजूला सरकवला आणि पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"आमच्यात खातात," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत. ज्यांना माहीत होतं त्यांनी तीन वर्षं बर्फ मागवला, ज्यांना नव्हतं त्यांना आता कळलं. गरम आहे, या."

लेक पहिली आली. तिला वाढलं. ती तिथेच उभ्या उभ्या सगळ्यांच्या देखत खायला लागली. तिच्यामागे ती कोशिंबीरवाली मुलगी आली, मग दोघं-चौघं. बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते.

काका रांगेतून माझ्यासमोर आले आणि वातावरण हलकं करायला हसून म्हणाले, "विषारी नाही ना गं?"

"काका, विषारी असतं तर आज तुमच्यासमोर उभं राहायला आमच्यातलं कुणी उरलंच नसतं."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी प्लेट पुढे केली नाही. मीही भरलेला डाव खाली ठेवला नाही.